भिंगरीच्या पासपोर्टाबाबत

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, गणवेशांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं कापड बेतलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असं लिहून ठेवते. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर हसून बोलतात, पण सह्या फार घेतात.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी राहती जागा माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. मागची खोली मात्र तिने भाड्याने देऊ नये. ती माझ्या नातीची, भिंगरीची. वय सात. ती परदेशात बापाकडे राहते आणि कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे दर उन्हाळ्यात सहा आठवडे इथे येते. ती सज्ञान होईपर्यंत तिचा पलंग हलवू नये.

२. बेतायची मोठी कात्री कारखान्यात काजं करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला द्यावी. वीस वर्षं तिचा त्या कात्रीवर डोळा आहे. तिने कात्रीने कागद कापू नये. कापेल, मला माहीत आहे.

३. मुलीच्या माझ्यावरच्या रागाबाबत. तीन वर्षांपूर्वी ती भिंगरीला घेऊन तीन आठवड्यांसाठी आली आणि परत गेलीच नाही. जावयाने इथल्या कोर्टात अर्ज केला. न्यायाधीशांनी मला विचारलं, "येताना परतीची तिकिटं काढलेली होती का?" मी म्हणाले, "होती. दोघींची." म्हणजे येणं तात्पुरतंच होतं, असं कोर्टाने धरलं आणि पोर बापाकडे गेली. व्हरांड्यात मुलगी म्हणाली, "खोटं बोल असं नव्हतं म्हटलं, आई. आठवत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. खटला चालू होता तेव्हा भिंगरी रोज संध्याकाळी पायात चपला घालून दाराशी बसायची, बाबा येतील म्हणून. हे मला कोर्टात कोणी विचारलं नाही. मुलीलाही मी कधी सांगितलं नाही. आता लिहिते.

४. जावई. दर रविवारी भिंगरी तिकडून आईशी फोनवर बोलते, तेव्हा तो विसाव्या मिनिटाला फोन बंद करतो, पोर वाक्याच्या मध्ये असली तरी. हे मी विसरलेले नाही. तरीही भिंगरीला न्यायला आला तर त्याला जिन्यात ताटकळत ठेवू नये. आत बोलवावं, पाणी द्यावं. मी तेवढंही केलं नाही.

५. भिंगरीचं परतीचं विमान अकरा तारखेला आहे. तिचा पासपोर्ट मी पहिल्याच दिवशी लपवून ठेवला; कुठे, ते तळमजल्यावरच्या औषधवाल्यांना सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात मुलगी फोनवर कोणाला तरी विचारत होती, "बसने सीमा ओलांडली तर लहान मुलांचे कागद बघतात का?" हुकूम मोडला तर तिच्यावर अटकेचं वॉरंट निघेल, आणि हे उन्हाळेही हातचे जातील. म्हणून मी शस्त्रक्रियेतून उठले नाही, तर तळमजल्यावरच्या औषधवाल्यांनी पासपोर्ट ताब्यात घ्यावा आणि भिंगरीला स्वतः विमानतळावर पोहोचवावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. पासपोर्ट मुलीच्या हाती देऊ नये.

६. इतकं लिहून होतं तोच मुलगी खोलीत आली आणि तिने माझ्या खांद्यावरून पाचवं कलम वाचलं. हात ठेवून झाकता आलं असतं. मी झाकलं नाही.

"सुटकेसच्या अस्तरात शिवलायस," ती म्हणाली. "शुक्रवारीच सापडला."

"मग?"

"उसवला. आम्ही दोघी बसस्थानकापर्यंत गेलो. तिकिटाच्या रांगेत भिंगरी म्हणाली, आपण कुठे जातोय ते बाबांना माहीत आहे ना?" मुलगी खिडकीकडे बघत राहिली. "परत आलो. पुन्हा शिवून टाकला."

मी उठून अस्तर पाहिलं. टाके तिचेच, जरा तिरके. तिसरं कलम मग मी तिला स्वतः वाचून दाखवलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

सबब, पाचव्या कलमातला पासपोर्टाचा आणि विमानतळाचा मजकूर मी रद्द करते. पासपोर्ट आज मुलीच्या हाती दिला आहे. मला भीती वाटत नाही असं नाही. तरी अकरा तारखेला भिंगरीला तिची आईच विमानतळावर सोडेल. तिने बोलावल्याशिवाय कोणी बरोबर जाऊ नये.

स्थळ: राहतं घर
दिनांक: ७ जुलै
सही: (भिंगरीची आजी)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. सही (तळमजल्यावरचे औषधवाले)
२. सही (दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका)