फुकट खोली नाकारल्याबद्दल

प्रिय लव्हॉन,

तू मोठी, म्हणून नमस्कार आधी आणि भांडण नंतर. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मिनेसोटात बर्फ खिडकीपर्यंत आला असेल आणि चर्चचं डिसेंबरातलं माशांचं जेवण नेहमीसारखं तुझ्याच अंगावर पडलं असेल. तुझ्या ऑर्व्हिललाही नमस्कार सांग. (त्याच्याविषयी खाली आणखी आहे, तेव्हा पत्र आधी त्याच्या हाती पडू देऊ नकोस.) मी ठीक आहे. इथे किंगमनला ऊन आहे, रक्तदाब ताब्यात आहे, आणि माझा हार्लन गेल्यापासून घरात घोरणारं कुणी नसल्यामुळे झोप छान लागते, असं मी लोकांना सांगते.

आता तुझं पत्र. उभं आयुष्य मुलांना रसायनशास्त्र शिकवलेली तुझी बहीण म्हातारपणी जुगाराच्या अड्ड्यावर राहते, म्हणून तुला चर्चमध्ये मान वर करता येत नाही, असं तू लिहितेस. मान खुशाल वर कर. मी तिथे राहते हे खरं आहे, खेळते हे खोटं आहे. इथून तासाभराच्या अंतरावर, लॉफलिनला नदीकाठी 'सिल्व्हर हेरॉन' नावाचं कॅसिनोचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी तिथल्या खोलीचं भाडं ऐकून घाम फुटतो, पण आठवड्याच्या मधल्या वारी तीच खोली दोन माणसांच्या जेवणापेक्षा स्वस्त मिळते. त्यांचा हिशेब असा की, पाहुणा वर झोपायला जाण्याआधी खालच्या यंत्रांत भाड्याच्या कितीतरी पट पैसे ओतेल. मी ओतत नाही. मी यंत्रांच्या रांगांमधून सरळ लिफ्टकडे जाते, खोलीत शब्दकोडं सोडवते, झोपते आणि सकाळी किल्ली परत करते. हे हॉटेल एका मोठ्या साखळीतलं आहे. त्या साखळीच्या हॉटेलांत वर्षभरात ठरावीक रात्री काढल्या की सगळ्यांत वरच्या दर्जाचं कार्ड मिळतं. त्या रात्री न्यूयॉर्कच्या महागड्या हॉटेलात काढल्या की सिगारेटच्या वासाच्या या खोलीत, हे कुणी विचारत नाही. नियम त्यांनी केला आहे, मी फक्त तो शेवटपर्यंत वाचला. (माझ्या वर्गातही प्रश्न शेवटपर्यंत वाचणारी मुलंच पास व्हायची.) यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

कार्ड कशाला हवं, तेही सांगते. याच साखळीचं एक हॉटेल हवाईला अगदी समुद्रावर आहे. कार्ड असलं की साध्या खोलीच्या भाड्यात समुद्राकडची मोठी खोली, दोन पलंग आणि दोघांची न्याहारी मिळते. फेब्रुवारीचं आरक्षण मी केलं आहे. दुसरा पलंग तुझा. डॉक्टरांनी तुला हा हिवाळा उबेत काढायला सांगितला आणि तू 'आम्हाला कुठलं परवडतंय' म्हणून त्यांना गप्प केलंस, हे तुझ्या मुलीने मला फोनवर सांगितलं. (तिच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं.) हे उपकार नाहीत, मी एकटी गेले तरी भाडं तेवढंच पडणार आहे. पण एकतीस डिसेंबरच्या आत रात्री पुऱ्या झाल्या नाहीत, तर सगळा हिशेब पुसला जातो आणि एक तारखेपासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गाडं अडलं ते गेल्या महिन्यात. काउंटरवरची मारिबेल (चांगली मुलगी आहे, नखं मात्र भयंकर लांब) म्हणाली, "आनंदाची बातमी आहे, मॅडम. आजची खोली आमच्याकडून."

मी म्हटलं, "नको."

"मॅडम, फुकट आहे."

"म्हणूनच नको. फुकट रात्र हिशेबात धरली जात नाही. भाडं घे."

"संगणक घेऊच देत नाहीये हो."

माझ्या मागे रांगेत एक टोपीवाला म्हातारा होता. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला नको असेल तर मला द्या. माझं सगळं पेन्शन या हॉटेलने खाल्लं, आजवर कुणी साधी कॉफी पाजली नाही." मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने टोपी काढली. मग मॅनेजर आले. मी त्यांच्या मानाच्या खेळाडूंपैकी आहे, असं त्यांनी मला अदबीने सांगितलं. मी म्हटलं, मी आयुष्यात तुमच्या यंत्रांना बोटसुद्धा लावलेलं नाही, हा मान ताबडतोब उतरवा. त्यावर त्यांनी संगणकाचा पडदाच माझ्याकडे वळवला. ऑक्टोबरमधल्या दुपारी, एकामागून एक, माझ्या कार्डावर, मासे पकडायच्या जुगाराच्या यंत्रावरचा खेळ.

ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे पाहुणे कोण होते, लव्हॉन? तू माझ्याकडे पडदे शिवत बसली होतीस. आणि तुझा नवरा रोज दुपारी नदीवरचे पक्षी बघायला जात होता. जेवण सवलतीत मिळावं म्हणून माझं सध्याचं साधं कार्ड मीच त्याला दिलं होतं. ते यंत्रात घालून खेळलं की खेळ माझ्या नावावर चढतो. तेव्हा आपल्या घरात जुगारी आहे, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. फक्त तू पत्र चुकीच्या पत्त्यावर पाठवलंस.

मी सगळं दुरुस्त करून घेतलं. मी खेळत नाही, असं मॅनेजरकडून नोंदवून घेतलं आणि भाडं मोजूनच खोलीत गेले. मी काहीही चुकीचं केलेलं नाही, करत नाही, आणि हा बेत सोडणारही नाही. तुला वाटलं तर हे पत्र चर्चमध्ये मोठ्याने वाच.

तुझी बहीण,
आर्डिस

ता. क. पत्र चर्चमध्ये वाचू नकोस. ऑर्व्हिललाही बोलू नकोस. तो हरला नव्हता. वाढदिवसाला तुला जे शिवणयंत्र मिळालं, ते त्याने तंबाखू सोडून साठवलेल्या पैशांचं नाही. तंबाखू त्याने सोडलेलीच नाही.

ता. क. दुसरा. मूळ मुद्दा राहिलाच. स्वस्त भाडं खेळणाऱ्यांसाठीच असतं. मी खेळत नाही हे इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते मीच लक्षात आणून दिलं. आता मला पूर्ण भाडं सांगतात आणि उरलेल्या रात्री त्या दराने मला झेपणार नाहीत. मारिबेल हळूच म्हणाली की, कार्डावर थोडा खेळ दिसला तर जुना दर परत मिळेल. मी यंत्राला हात लावणार नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा नाताळ झाल्याबरोबर तुम्ही दोघं निघा. ऑर्व्हिलने खोली स्वस्त होईल इतकंच खेळायचं, फुकट होईल इतकं नाही. त्याला कशातच प्रमाण नाही, म्हणून तू पाकीट मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बस. चर्चचे पैसे तू इतकी वर्षं सांभाळलेस, या कामाला तुझ्याहून योग्य माणूस मला दिसत नाही. पाद्रीबाबांनी विचारलं, तर 'आर्डिसला सावरायला चालले' असं सांग. ते खरंच आहे.