साठ मिलिमीटरचा पाट

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज टेबलावरच्या लढाईत कंपनी सरकारने आमच्या भोसल्यांना धूळ चारली. माझा मित्र वसंता खुशीत उमरेडच्या बसमध्ये बसला. त्याची ती खुशी बघवत नाही. पण माणूस दर रविवारी इंचभर उंचीची फौज मिठाईच्या डब्यात भरून इतक्या लांबून नागपुरात, सक्करदऱ्याला येतो, तर कधीतरी त्यालाही जिंकू द्यावं.

खरं कारण वेगळं आहे. ते फक्त इथे लिहितो. माझा हात थरथरतो. भालाईत पुढे सरकवताना एक चिमटीतून निसटला आणि त्याने शेजारचे चार पाडले. वसंता म्हणाला, "घाई काहून करून राहिला गा?" मी म्हटलं, पंख्याचा वारा लागला. जानेवारीत पंखा! तो बंदच होता.

मंगळवार, ७ जानेवारी

बाबांचाही हात असाच हलायला लागला होता. पुढे कंपवात निघाला. शेवटी चमचा धरवत नव्हता. आज एवढंच.

गुरुवार, ९ जानेवारी

युक्ती सापडली!

सध्या आमचा प्रत्येक सैनिक वीस मिलिमीटरच्या वेगळ्या बेसवर उभा आहे. सिंधू या बेसना पाट म्हणते — बायकोने ठेवलेलं नाव, आता मीही तेच म्हणतो. खेळताना एकेकाला चिमटीत धरून सरकवायचं, आणि तिथेच माझी फजिती होते. त्याऐवजी साठ मिलिमीटरचा चौकोनी पाट घेतला, त्यावर सहा जण चिकटवले, तर सगळा पाटच बोटांनी ढकलता येईल. हात हलला तरी कोणी पडणार नाही.

अडचण एकच. लढाई पाटाला पाट भिडवून होते, म्हणून दोन्ही फौजांच्या पाटांची रुंदी सारखी लागते. म्हणजे वसंताला त्याचे सगळे लाल डगलेवाले उपटून परत चिकटवावे लागणार. आणि कशासाठी, ते मी सांगणार नाही. कळलं तर तो दया म्हणून मुद्दाम हरायला लागेल. त्यापेक्षा खेळ बंद केलेला बरा.

रविवार, १२ जानेवारी

पहिला हल्ला फसला.

म्हटलं, मोठ्या पाटावर जागा उरते, काळी माती, तुरीचं शेत दाखवता येईल. वसंता म्हणाला, "लढाई करायची का वावर पेरायचं?" मग मी इतिहास काढला — तेव्हा एकटा शिपाई लढत नसे, तुकडी लढे. "मंग तुकडीतले दोघं मेले तं काय पाट कापशील?" हे मला सुचलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, नागपूरच्या उन्हाळ्यात छोटे पाट वाकतात. त्यावर त्याने फौज डब्यात भरायला घेतली. मग म्हणाला, "नाही म्हणजे नाही." आणि नेहमीपेक्षा लवकर गेला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या इंदुताईंच्या हातावर तिळगूळ ठेवायला गेलो आणि सांडला. सिंधूने पाहिलं. त्या गेल्यावर म्हणाली, "अवो, त्या बाहुल्यांचे पाट बदलवता त्यापेक्षा धंतोलीत जाऊन डॉक्टरले हात दाखवा नं."

मी म्हटलं, हा सीझन संपू दे. "कोणता सीझन?" तिने विचारलं. मी सांडलेला तिळगूळ वेचत राहिलो.

मला भीती वाटते, हे तिला म्हणता आलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

विजय! वसंता चपला काढता काढताच म्हणाला, "चाल, साठचेच करू." मी आठवडाभर घोटून ठेवलेले मुद्दे वाया गेले. इतिहासाचा मुद्दा पटला असणार. माणूस हट्टी आहे, पण डोकं आहे.

लगेच पुठ्ठ्याचे पाट कापून बघितले. पायदळ झकास बसलं. घोडेस्वारांनी मात्र घोळ घातला. घोड्यांची तोंडं पाटाबाहेर येतात, त्यामुळे समोरासमोर आणले की नाकाला नाक लागतं, पाटाला पाट नाही. आणि पाट भिडल्याशिवाय युद्ध नाही! दोन्हीकडची घोडदळं एकमेकांचा वास घेत उभी. आम्ही हसून हसून बेजार. शेवटी घोड्यांचे पाट रुंदीला साठच, पण लांबीला ऐंशी ठरले.

रविवार, २६ जानेवारी

नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून नवे पाट कापून आणले. जुने सुटता सुटत नाहीत. दोन भालाईत घोट्यात तुटले. त्यांना पाटावर आडवे चिकटवले. रणांगण आहे, चालायचंच.

चिकटवायला सिंधू बसली. अट घातली — पाट झाले की धंतोली. हो म्हटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टरीण माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची. पाण्याचा ग्लास उचलायला लावला, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. रेघ म्हणजे जिलेबीच झाली. मग म्हणाली, हात मांडीवर ठेवा. ठेवला. थरथर थांबली.

"वडिलांचा हात असा ठेवल्यावर हलायचा?"

बाबांच्या कंपवाताचं मी आधीच सांगितलं होतं. म्हटलं, हो, टीव्ही बघतानाही हलायचा.

"मग तुमचा तो आजार नाही. तुमचा हात काम करतानाच थरथरतो. हा वेगळा प्रकार आहे. छोटी गोळी देते."

जिन्यात सिंधू रडली. मग मीही. डोळे पुसून ती म्हणाली, "एवढ्यासाठी अख्खी फौज उपटली तुम्ही." खाली येऊन पिशवीभर संत्री घेतली आणि स्कूटरला टेकून तिथेच खाल्ली. इतकी गोड संत्री मी बऱ्याच वर्षांत खाल्ली नव्हती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वसंताला फोन करून सगळं सांगून टाकलं — हात, डॉक्टर, इतिहासाची थाप. वाटलं, शिव्या घालेल. त्याने आधी डॉक्टरचा पत्ता मागितला. मग म्हणाला, "दिवाळीपासून माझाच हात हलून राहिला गा. तू पाट मोठे कर म्हटलं तं मले वाटलं, तुले दिसलं अन् तू दया करून राहिला. म्हणून पहिले नाही म्हटलं. मंग एकेक शिपाई मलेच धरवेना, म्हणून हो म्हटलं."

सोमवारी त्याला धंतोलीला नेतो.