दिव्यानीचा फॉर्म घरीच निघेल

३ जून २००७, रविवार. आलापल्ली
नागपूरहून सेकंडहँड प्रिंटर आला. ऑफिसातला आहे, नेटवर्कवाला. म्हणजे कॉम्प्युटर मधल्या खोलीत, प्रिंटर समोर टायपिंगच्या हॉलमध्ये, मधे फक्त निळी केबल. मनकर्णेनं विचारलं, दोन्ही एकाच खोलीत का ठेवत नाही. सव्वीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्याच्या बायकोनं हे विचारावं.
संकल्प: या प्रिंटरवर पहिला कागद निघेल तो आमच्या दिव्यानीचा नर्सिंग प्रवेशाचा फॉर्म. पोस्टात टाकायची शेवटची तारीख २० जून. भरपूर वेळ आहे.

४ जून
बटण दाबलं की प्रिंटर स्वतःचा पत्ता छापून देतो. नुसते आकडे आणि टिंबं. तो कॉम्प्युटरमध्ये टाकला. की-बोर्डकडे न बघता, एका दमात. कॉम्प्युटर म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. समोर तर आहे. मला इथून दिसतो.

७ जून
केबल बदलली. दोष केबलचा नव्हता. जुनी फेकून दिली होती.
दिव्यानी म्हणाली, पेन ड्राइव्हवर फॉर्म घेऊन नदीमकडे जाते, पाच मिनिटांचं काम. नदीम म्हणजे बसस्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला. माझाच विद्यार्थी, इंग्रजी टायपिंगच्या, मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा नापास. आता त्याच्या दुकानात रांग असते आणि माझ्या हॉलमध्ये सात टायपरायटर कापडाखाली झाकून ठेवलेत. घरात प्रिंटर असताना माझी मुलगी त्याच्या रांगेत उभी राहणार नाही. तसं स्पष्ट सांगितलं. तिनं पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवून दिला. समजूतदार आहे.

११ जून
लाइट सहा तास नव्हती. त्यामुळे आजचा दिवस धरत नाही.
आल्यावर पत्ता नव्यानं टाकला. एकेक आकडा ताडून बघितला, एकही चूक नाही. तरी तेच. नागपूरवाल्याला फोन केला. तो म्हणे, आमच्याकडे चालत होता. सगळे असंच म्हणतात.

१५ जून, सकाळी
कारण सापडलं. दमट हवा. प्रिंटरखाली सागवानाची फळी ठेवली.

दुपारी
हवा नव्हे.
मनकर्णा आता विचारतही नाही. माणूस एकटा झटतोय, निदान झालं का म्हणावं.

१९ जून
उद्या शेवटची तारीख आणि दिव्यानी निवांत टीव्ही बघत बसलेली. आजकालच्या पोरांना गांभीर्य नाही. तिच्या भविष्याची काळजी मी एकट्यानं करायची. जेवलो नाही. मनकर्णेनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, उद्या नदीमले बलावते. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ ‘नको’ असा होतो, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

२० जून
नदीम आला. चप्पल बाहेर काढली, नमस्कार केला, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, “सर, हा एक नाई. एल आहे.”
आमच्या जुन्या टायपरायटरवर एकचा आकडाच नाही. त्याच्या जागी इंग्रजी बारका एल मारायचा. मीच शिकवलं, हजारभर पोरांना. हाताला दुसरं काही माहीत नाही. पत्त्यात एकचा आकडा चार वेळा होता. चारही एल.
“तुमीच शिकवलं सर, म्हून दिसलं,” नदीम म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
त्यानं चारही ठिकाणी एक टाकला आणि कागद निघाला. स्वच्छ, काळाभोर. मी म्हणालो, दिव्यानी, फॉर्म काढ लवकर, पोस्ट बंद होईल. ती जागची उठली नाही. मनकर्णा खाली बघत होती. नदीम चहा न घेताच गेला.
मग कळलं. फॉर्म आठ तारखेलाच गेला, रजिस्टर पोस्टानं. प्रिंट नदीमच्या दुकानात काढली. पालकाची सही मनकर्णेनं केली. मी विचारलं, मले काऊन नाई सांगितलं?
दिव्यानी म्हणाली, “तुमी मन लावून करून राह्यले होते, बाबा. आई म्हणे, करू दे त्याइले.”
बारा दिवस दोघींनी मला करू दिलं.

संध्याकाळी
प्रिंटर आता मधल्या खोलीतून चालतो. काय छापावं ते सुचत नाही.