हो हो म्हणायची सवय

४ सप्टेंबर, सोमवार
विशेष मुलांचा नवा वर्ग मिळाला. आठ मुलं, आठ तऱ्हा. एक जण सारखा हात झाडतो. एकाला फक्त झाकणं हवीत — बाटलीची, डब्याची, पेनाची, कसलीही. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, जिन्यातच भेटल्या. चढता चढता बरंच काही सांगत होत्या, पाठ माझ्याकडे. मी नेहमीसारखं "हो हो" म्हटलं.

कानाचं मशीन केसांखाली नीट झाकलं होतं. शाळेत अजून कुणालाच माहीत नाही. मशीनमधून आवाज येतो, शब्द येत नाहीत. ते समोरच्याच्या ओठांवरून उचलावे लागतात. सहा वर्षं निभावलं आहे. मुलांच्या फायली नेहमीप्रमाणे महिनाभर उघडणार नाही. आधी मुलं बघायची, मग कागद.

७ सप्टेंबर, गुरुवार
खिडकीजवळची ती सात-आठ वर्षांची मुलगी — मनातल्या मनात मी तिला चिमणी म्हणायला लागले आहे. कसली बडबडी! मणी ओवता ओवता तोंड चालूच. आवाज बारीक असावा, मला अजिबात ऐकू येत नाही. पण ओठ इतके स्वच्छ, एकेक अक्षर निवडून घ्यावं. आज म्हणाली, "पंखा दमला." वर पाहिलं तर खरंच कुंथत फिरत होता. "झोपू दे त्याला," म्हटलं आणि बंद केला. ती खूश.

मुलांचे डबे, उठबस बघणाऱ्या मावशी माझ्याकडे टकमक बघत होत्या. पंखा बंद केला म्हणून असेल.

१३ सप्टेंबर, बुधवार
हे पुन्हा म्हणाले, "शाळेत सांगून टाक एकदाचं." मी हो हो म्हटलं. यांना तो सूर ओळखू येतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार
नीट लिहिते.

मधल्या सुट्टीत मावशी समोर येऊन बसल्या. "बाई, राग मानू नका. तुम्ही त्या पोरीशी एकट्याच काय बोलत असता?"

"एकटी कुठे? तीच तर बोलते."

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "ती बोलत नाही, बाई. दोन वर्षांत मी तिचा शब्द ऐकलेला नाही. तिच्या आईनंसुद्धा नाही."

महिना व्हायच्या आतच फाईल उघडली. 'वाचा नाही. आकलन शंकास्पद.' मान वर केली तर चिमणी माझ्याकडे बघून म्हणत होती, "हिरवे मणी संपले." डबी पाहिली. संपले होते.

तिचा आवाज बारीक नव्हता — नव्हताच! आवाज नाही म्हणून ज्यांना ऐकू येतं त्यांनी तिच्या तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं. आणि मी? ही बोलत नाही, हे मला एकटीलाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही दोघी अडीच आठवडे मजेत गप्पा मारत बसलो. असं काही जगात होऊ शकतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मग फायलीतला शेवटचा कागद. 'एक ऑक्टोबरपासून बाहेरगावच्या निवासी संस्थेत. वर्गशिक्षिकेला तोंडी विचारले, त्यांची संमती आहे.' खाली तारीख — चार सप्टेंबर.

जिना. माझं "हो हो"!

२२ सप्टेंबर, शुक्रवार
तीनदा मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले, तीनदा परत आले. चिमणी बोलते हे सांगायचं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागणार. मग हा वर्ग माझ्याकडे कोण ठेवील? भित्री आहे मी.

२५ सप्टेंबर, सोमवार
सांगितलं! घंटेच्या आधी खोलीत गेले, केस मागे घेतले, मशीन काढून टेबलावर ठेवलं. कान, जिना, हो हो, चिमणी — सगळं एका दमात. मोठ्या बाईंनी आधी मशीन उचलून पाहिलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पण तुम्ही तिला ऐकलंत?"

"नाही. पाहिलं."

चिमणीची आई तिला सोडायला आलीच होती, तिला आत बोलावलं. ती दुखावली. "बाई, मी आई आहे. मला कळलं नसतं?" शेवटी मोठ्या बाईंनीच युक्ती काढली. त्या तिघी खोलीत, मी बाहेर, मध्ये बंद काचेचं दार. आईनं काहीतरी विचारलं, पाठमोरीच. चिमणीनं काचेतून मला शोधलं आणि तिचे ओठ हलले.

म की ब? ओठ दोन्हीला सारखेच मिटतात. आत जाऊन खरं तेच सांगितलं. "मामा की बाबा, ते सांगता येत नाही. त्यानं लाल बूट आणले."

"बूट तर आम्हालाही दिसतायत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"डावा चावतो, म्हणतेय."

आई म्हणाली, "काल माझा भाऊ आला होता..." आणि मटकन खालीच बसली. डावा बूट काढला, मोजा काढला. टाचेवर हा एवढा फोड, फुटलेला. "सकाळपासून लंगडतेय. मला वाटलं, नाटकं करते." तिनं लेकीचा पाय मांडीवर घेतला, हनुवटी धरून तोंड वर केलं. "परत सांग, बाळा." चिमणीनं परत सांगितलं. आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, डोळ्यांतून पाणी. मोठ्या बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घंटा केव्हा झाली, आम्हा कुणालाच कळलं नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार
चिमणी इथेच राहणार. माझं काय ते शाळेची समिती ठरवील. त्याआधी मोठ्या बाई एक दिवस वर्गात बसून बघणार आहेत.

आज केस वर बांधून गेले. चिमणीनं मशीनला बोट लावलं. "हे काय?" म्हटलं, "माझा कान." तिनं मान डोलावली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार
वर्ग माझ्याकडेच राहिला. कसा, ते लिहून ठेवते.

पाहणीचा दिवस. मोठ्या बाई मागच्या बाकावर, मांडीवर वही. मी फळ्यावर वर्तुळ काढत होते. वळले तर सगळा वर्ग चिमणीकडे बघतोय! मावशींचा हात तोंडावर, मोठ्या बाईंचं पेन हवेत. चिमणी उभी राहून माझ्या पायांकडे बोट दाखवत होती. मशीन निसटून फरशीवर पडलं होतं आणि फळ्याच्या नादात मला पत्ताच नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं. मोठ्या बाई उठून माझ्यासमोर आल्या आणि सावकाश, एकेक शब्द मला दिसेल असा म्हणाल्या — ती बोलली. आवाजात. तुमची पाठ होती म्हणून. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"बाई, कान पडला."