डोक्यावर ठेवलेला हात

बाबा,

मागच्या महिन्यात, मतदानाच्या दिवशी, मी एका म्हाताऱ्या माणसाला मारलं. त्याच्या गालाचं हाड मोडलं. तुम्ही त्याला ओळखता. शॉमबर्गच्या त्या चर्चमध्ये आम्हा पोरांना बास्केटबॉल शिकवायचा तो, उंच, तांबूस मिशांचा. मला गाडीतून घरी सोडायला आला की तुम्हाला वाकून ‘नमस्ते, सर’ म्हणायचा, आणि तो गेला की तुम्ही आईला म्हणायचात, बघ, देव मानणाऱ्या माणसाची रीतच वेगळी. तोच. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, आणि खटला त्याच्यावर उभा राहतोय, माझ्यावर नाही. उद्या सकाळी सरकारी वकिलाने मला बोलावलंय, दिलेल्या जबाबावर पुन्हा एकदा सही करायला. माझ्यासारख्या मतदान केंद्रावर काम करणाऱ्याच्या अंगावर हात टाकणं इथे अमेरिकेत मोठा गुन्हा आहे. मी सही केली की तो अडकला. नाही केली तर मी अडकलो.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी असं काही घडलं की पहिली भीती तुमचीच वाटते. तुमचा हात फार लवकर उठायचा. कारखान्यात दिवसभर लोखंड घासून घरी यायचात, शब्द शोधत बसण्यापेक्षा हात सोपा पडायचा. पण सगळ्यात जोरात मारलंत ते दिवाळीच्या कार्यक्रमाला. मी पंधरा वर्षांचा आहे. मंडळाने शाळेचा हॉल भाड्याने घेतलाय, आत बायका फराळाची ताटं लावतायत, मंगळवारवर अध्यक्षपदाची निवडणूक आलीये, आणि मी बाहेर पार्किंगमध्ये एकेका गाडीच्या वायपरखाली कागद खोचत चाललोय. कागद त्या मिशावाल्यानेच दिलेत. एका बाजूला दोन्ही उमेदवारांचे फोटो आणि खाली बरोबर-चूक अशा खुणा: गर्भपात, समलिंगी लग्न, शाळेतली प्रार्थना. मागच्या बाजूला, हा देश एका देवाचा आहे, मूर्तींपुढे वाकणाऱ्यांचा नाही, अशा अर्थाचं काहीबाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही बाजू वाचल्यात आणि काही न विचारता कानाखाली लगावलीत. मी कुणाच्या तरी बॉनेटवर आदळलो, दात ओठात घुसला, नव्या कुर्त्यावर रक्त सांडलं. मग दुसरी, मग तिसरी. लोक हातात चकल्या धरून बघत होते, एकही काका पुढे आला नाही. नंतर मानगूट धरून तुम्ही मला गाडी-गाडी फिरवलंत आणि सगळे कागद काढायला लावलेत. “ज्यांच्या घरी जेवतोस, त्यांच्याच देवाच्या नावाने शिव्या वाटतोस?” एवढंच बोललात.

आणि मंगळवारी त्याच चर्चच्या हॉलमध्ये मत द्यायला गेलात, कारण आपलं मतदान केंद्र तिथेच होतं. इथले नागरिक झाल्यावरचं तुमचं ते पहिलं मत. मला मुद्दाम बरोबर नेलंत, सुजलेल्या ओठासकट. दारात बूट काढलेत. देवाचं घर आहे, म्हणालात. अमेरिकन रांगेत तुम्ही एकटे मोज्यांवर उभे, मी शरमेने जमिनीत जायला बघतोय. मिशावाला धावत आला, तुमचे बूट स्वतःच्या हातांनी उचलून भिंतीशी नीट ठेवले आणि माझ्या ओठाकडे पाहिलं. परत येताना तुम्ही गाडीत सांगितलंत की मत त्या कागदावर ज्याची शिफारस होती त्यालाच दिलं. मी चाट पडलो. “कागद वाईट होता. माणूस धर्म मानणारा आहे,” म्हणालात. तुमच्या हातचा मार खाताना आला नव्हता इतका राग मला त्या वाक्याचा आला. मग मला मारलंत कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि पुढे विचारायला तुम्हीच राहिला नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत मी तो कागद बघत आलोय. आता तो फोनवर येतो, एवढाच फरक. अध्यक्ष व्हायला निघालेला माणूस मान खाली घालून बसतो, चार पाद्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटतात, आणि तो फोटो रविवारच्या आत घरोघर पोचतो. त्या माणसाने आयुष्यात काय दिवे लावलेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण देवाला वाकडं लाकूडही चालतं म्हणे. आपले लोकही आता शहाणे झालेत. यंदा देवळात त्याच उमेदवारासाठी होम झाला. एक काका मला प्रसाद देताना म्हणाले, “यार, निदान देव तरी मानतात, बाकीचे तर तेही नाही.” अगदी तुमचंच वाक्य. मी प्रसाद खाल्ला आणि घरी येईपर्यंत दातओठ खात गाडी चालवली. बारा वर्षं मी त्याच चर्चमधल्या मतदान केंद्रावर काम करतोय, औषधांच्या दुकानातून सुट्टी घेऊन. टेबलावर कुणीतरी निःपक्षपाती माणूस बसायला हवा, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला त्यांच्याच चर्चमध्ये त्यांना नियम सांगायला आवडतं.

यंदा दुपारी तो मिशावाला आला. मतदान केंद्राच्या दाराच्या आत, जिथे लोक कोट अडकवतात त्या बोळात, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन उभा. मी गेलो आणि बाहेर जा म्हणालो. तो हसला, मला जुन्या सवयीने ‘सन’, बेटा, म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, आत प्रचार चालत नाही. तो म्हणाला, प्रचार कुठे करतोय, प्रार्थना करतोय, तुझ्यासाठीसुद्धा रोज करतो. आणि त्याने डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला. “लॉर्ड, ओपन हिज आइज.” जड, उबदार हात. मी मूठ वळून त्याच्या तोंडावर मारली. कागद सगळे पसरले, त्यांवर रक्त पडलं.

माझ्याबरोबर टेबलावर बसणारी नागपूरची बाई आवाज ऐकून धावत आली, तोवर तो खाली पडलेला होता. तिने काहीच पाहिलं नव्हतं. तरी पोलीस आल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, “दादा, तुम्ही चूप बसा, मी सांगून राहिली ना. त्यानंच आधी धरलं तुम्हाला. नाहीतर उद्या आपल्याला राहू देतील का हे लोक इथे?” आणि तिने तसं सांगितलं. मग पोलिसाने मला विचारलं, “डिड ही ले हँड्स ऑन यू?” मी म्हणालो, येस. मग त्याने गालाला बर्फ धरून बसलेल्या म्हाताऱ्याला तेच विचारलं. तो ताठ बसून म्हणाला, “येस, आय डिड. आय लेड हँड्स ऑन हिम.” त्यांच्याकडे प्रार्थनेसाठी हात ठेवण्याला हेच शब्द आहेत, आणि मारहाणीलाही हेच. तो प्रार्थना कबूल करत होता, पोलिसाने गुन्हा लिहून घेतला. त्याची बाजू त्यानेच संपवली, आणि मी तिथे उभा राहून ऐकत होतो. आपल्याकडे डोक्यावर हात ठेवणं वेगळं, अंगावर हात टाकणं वेगळं. मराठीत विचारलं असतं, तर खोटं बोलायला मला निदान एक शब्द तरी बदलावा लागला असता.

उद्या मी सही करणार नाही. बायकोला सांगितलंय. औषधं द्यायचा परवाना जाईल म्हणून ती खूप रडली, मग म्हणाली, जा. न विचारता माझ्या डोक्यावर ठेवलेला हात हीसुद्धा एक जबरदस्तीच होती, हेही मी वकिलाला सांगणार आहे, ते काही मी सोडणार नाही. पण त्याने प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवला आणि मी मारलं, असंच सांगेन.

एक गोष्ट मात्र उद्या तोंडातून निघेल की नाही, मला खात्री नाही. म्हणून ती इथे लिहितो, कारण हे पत्र कुठे जायचं नाहीये. मी त्याला एकदा मारलं नाही. पहिल्या ठोशाला तो गुडघ्यांवर आला. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, हात उगारला नाही, चेहराही झाकला नाही. मी वाकलो, त्याची कॉलर धरली आणि पुन्हा मारलं. हाड तेव्हा मोडलं, मला आवाज आला. पहिला ठोसा रागाचा होता. दुसरा मारताना, बाबा, मला बरं वाटत होतं.