दगड कोरणाऱ्याचा वारस

मी, खाली सही करणारा, धंद्याने कबरींच्या दगडांवर अक्षरं कोरणारा, विधुर, चष्मा लावला की धड पाहू शकणारा आणि डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला. पण तो माझ्या थोरल्या मुलाने केला, आणि त्याला मी पाळण्यापासून ओळखतो. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

एक. देह. मला पत्नीच्या शेजारी पुरावं, पण दगड वेगळा असावा. आमच्या धंद्यात जोडप्याच्या दगडावर मागे राहिलेल्यासाठी खालची अर्धी जागा कोरी सोडतात. थोरल्याने आईचे गुण कोरायला घेतले ते थेट तळाशी येऊन थांबला. "बाबा, तुमचं मागच्या बाजूला कोरू की," असं तो मला वर म्हणाला. जन्मभर गिऱ्हाइकांना दर्शनी बाजू दिली, मी मागे जाणार नाही. माझ्या दगडावर नाव आणि सालं एवढंच असावं. माझे गुण ज्यांना माहीत आहेत ते गप्प बसतील तर बरं.

दोन. राहतं घर, कारखाना, अंगणातले न कोरलेले दगड, छिन्न्या, हातोड्या, गुण्या आणि बँकेतली शिल्लक हे सर्व माझ्या धाकट्या मुलीला द्यावं. तिच्यामागे ते तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, जावं. तिला आम्ही चिमणी म्हणतो. ती अनाथाश्रमातून आली हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण वाद त्यावरूनच आहे.

धाकटीचं पहिलं बाळ आठवडाभरसुद्धा राहिलं नाही. त्याचा दगड मी कोरला. त्या दिवशी मी खूप रडलो. हे लिहून ठेवतो, कारण बाबांना पाझर फुटत नाही असं थोरला सगळीकडे सांगत असतो. पुढे धाकटीने आणि जावयाने चिमणीला आणलं. थोरला तिला अजून "ती मुलगी" म्हणतो.

तीन. थोरल्याचं म्हणणं. तो चर्चमध्ये मुलांना शास्त्र शिकवतो आणि वंशावळी त्याला तोंडपाठ आहेत. गेल्या रविवारी जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, देवाने वंशावळी उगाच लिहवून घेतल्यात का? आदामाचा शेथ, शेथचा अनोश. रक्त ते रक्त."

"मग त्यात आदामाचा थोरला कुठे दिसत नाही तो?" मी विचारलं.

आदामाचा थोरला काइन, ज्याने धाकट्या भावाला, हाबेलला, मारलं, त्याचं नाव वंशावळीच्या त्या अध्यायात नाही. थोरल्याने पाण्याचा पेला संपवला. मग म्हणाला, "पण शेथ तरी आदामाचाच होता ना?"

हे खरं आहे, आणि मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून मान्य करतो. पण शेथ झाला तेव्हा हव्वेने रक्ताचं नाव काढलं नाही. हाबेलच्या जागी देवाने हा दिला, असं ती म्हणाली. चिमणी घरी आली त्या संध्याकाळी माझी धाकटीही हेच म्हणाली. तिला शास्त्रातलं काही आठवत नव्हतं, ती दूध ऊन करत होती.

तो अध्याय मला धंद्यामुळे प्रिय आहे. प्रत्येक जण जगतो, त्याला मुलं होतात आणि शेवटी तो मरतो. एक हनोख तेवढा न मरता देवाकडे गेला, म्हणजे आमचं एक गिऱ्हाईक बुडालं. नऊशे एकोणसत्तर वर्षं जगलेल्या मथुशलहची तर वाट बघता बघता कारखान्याला टाळं लागलं असतं. पण ज्या घराण्यात मरणाला सुट्टी नाही, त्या घराण्यातल्या लामेखने पोर झाल्यावर त्याचं नाव नोहा ठेवलं. का, तर हा आपल्याला कष्टातून दिलासा देईल. अजून पोराला मान धरता येत नव्हती. मी विश्वास म्हणतो तो यालाच. चर्चच्या पाळकसाहेबांची व्याख्या बरीच लांब आहे.

चार. थोरल्याला काहीही दिलेलं नाही. त्याचं स्वतःचं घर आहे, पगार आहे आणि मतं तर भरपूर आहेत. शिवाय वकीलसाहेब म्हणाले की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. मी गेल्यावर भांडायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी उरत नाही, आणि स्वतःच सही केली की त्यालाही भांडायला तोंड राहणार नाही. तो भांडला तर त्या पोरीला या घरात पाहुणी म्हणून वाढावं लागेल, आणि ही एकच भीती मला झोपू देत नाही. त्याने हा लेख पूर्ण वाचावा आणि मगच सही करावी. नसेल करायची तर स्मशानभूमीचा रखवालदार तयार बसला आहे. साक्षीदाराने आपली ओळख स्वतःच्या हाताने लिहावी. "मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा" एवढं लिहिलं तरी कायद्याचं भागतं.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि मला ते पटलं.

ठिकाण: कारखान्यातलं मोठं टेबल
दिनांक: सात जून, सोमवार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
चर्चचा पाळक

साक्षीदार दुसरा: (सही)
चिमणीचा मामा