बाहीतला हात

१८ जानेवारी
कानाझावा. बर्फ दारापर्यंत साचलेलं, आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी नवी नवरी! स्टेशनवर शुन्साकु छत्री घेऊन उभे होते. माझी पुस्तकांची पेटी हमालाला न देता त्यांनी स्वतः उचलली. लग्नाआधी ठरलेलं वाटेत आपणहून पुन्हा बोलून दाखवलं: एप्रिलपासून मी इथल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचा. घर उबदार आहे. सासूबाईंनी मुरवलेला मासा आणि सलगम खास माझ्यासाठी काढलं. बैठकीतल्या मानाच्या कोनाड्यात लाकडी ठशानं छापलेलं जुनं चित्र आहे: काबुकीतला एक स्त्रीपार्टी नट, जांभळा किमोनो, मान किंचित कललेली. किती देखणं! त्याच्यासमोर बसून आम्ही तिघांनी चहा घेतला. मी सुखी आहे, हे लिहायला उगाच संकोच वाटतो.

२७ जानेवारी
चित्राबद्दल बोलले. अशी चित्रं थोडे दिवस लावून पुन्हा पेटीत ठेवावीत, उजेडानं रंग उडतात, असं म्हटलं. शिकवण्याच्या सुरात म्हटलं का? बहुधा हो. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, हे काय शोभेला लावलंय? या घरातली प्रत्येक सून याच्याकडे बघून उठायला-बसायला शिकली. बाईनं कसं दिसावं ते बायकांना कुठं कळतं, ते यालाच कळलं! मग मला रोज सकाळी थोडा वेळ समोर बसायला सांगितलं. हनुवटी आत, पापणी अर्धी, गुडघे चिकटून. पुरुषाकडून बाईपण शिकायचं, हे मला झोंबलं. शुन्साकु म्हणाले, म्हातारीचा हट्ट आहे, एप्रिलपर्यंत पुरव. पुरवेन. एवढ्या तेवढ्यावरून घरात वाईटपणा कशाला घ्यायचा?

११ फेब्रुवारी
प्रामाणिकपणे लिहायचं तर पाठदुखी थांबली आहे. शेजारणी कौतुक करतात, आणि ते मला आवडतं. शुन्साकु जेवताना माझ्याकडे नुसते बघत राहतात. पूर्वी माझ्याशी वाद घालायचे. आता घालत नाहीत.
शाळेचे मुख्याध्यापक निवा सर यांचा वेळापत्रकासाठी फोन आला. मीच उचलला. म्हणाले, जरा किसाएबाईंना बोलावता का? मीच किसाए, म्हटल्यावर हसत सुटले. म्हणाले, आवाज अगदी रंगमंचावरचा लागलाय हो, बाई! मीही हसले. बारीक, लांबवलेलं हसू. ते माझं नव्हतं.

२ मार्च
सासूबाई म्हणतात, हात बाहीत ठेव. स्त्रीपार्ट करणाऱ्यांचे हात पुरुषाचे, मोठे, म्हणून ते लपवत. मी कशाला लपवू? पण बाहीत ठेवला की बाहेर काढावासा वाटत नाही. हे वाटणं माझं, की—
चित्र जवळून पाहिलं. उजव्या कडेला, बाहीच्या तोंडाशी, बोटं आहेत. जानेवारीत नव्हती. मधल्या बोटावर लेखणीनं पडलेला घट्टा. माझ्या बोटावर तो आता नाही.
शुन्साकुंना दाखवलं. म्हणाले, डोळे तपासून घे, वय झालं तुझं. आणि शाळेला मीच कळवतो, तब्येत बरी नसते म्हणून. मी नको म्हटलं. फार हळू म्हटलं असेल.

१५ मार्च
चित्रातला हात मनगटापर्यंत बाहेर आलाय. खडूनं भेगाळलेला अंगठा. माझाच.
माझा इथला— बाहीत आहे. हलतो. पण दिसत नाही. बाही वर सरकवली की खाली आणखी बाही. पेन्सिल कापडातूनच धरते आहे.
सासूबाईंना म्हटलं, तुमचे हात दाखवा. लाजल्या. म्हणाल्या, काय चावट आहेस गं, सूनबाई!
पळून जावं तर पावलं इतकी बारीक पडतात, की दार येण्याआधी कोणीतरी येतं आणि—

२४ मार्च
निवा सर आले आहेत! शुन्साकुंनी कळवलं, म्हणून स्वतः भेटायला आले. वाकून नमस्कार करताना मी त्यांना सगळं सांगणार होते. तोंडातून निघालं ते फक्त, या, बसा.
चहाच्या निमित्तानं मी शेजारच्या खोलीत आले. दार अर्धं उघडं. वही किटलीमागे धरून लिहिते आहे.
सर म्हणताहेत, छे छे, अशा बाईंच्या हातात खडू देणं म्हणजे गुन्हाच! शाळेला काय, दुसरं कोणी मिळेल.
तिघं हसतात.
आता चित्राकडे वळले. सर म्हणतात, सुरेख, पण हा हात असा राकट कसा? सगळी शोभा घालवली.
शुन्साकु म्हणतात, नवी चौकट आणलीय, जरा लहान आहे. तेवढी कड कापली की नीट बसेल. सगळेच कापतात हो.
पट्टी मागितली.
सर कागद धरून— हसतच—
पातं ठेवलं. मनगटाला गार—
सर, तो माझा हात आहे, मला अजून शिकवाय—